मूल शाळेस आपली केव्हा म्हणते?



शाळा भरली म्हणजे पहिले काम हजेरीचे. शिक्षक नाव उच्चारतो, मूल ‘हजर’ म्हणते, पटावर खूण होते आणि दप्तरी ते मूल शाळेत आले असे ठरते. परंतु देहाने आलेले मूल मनानेही आले आहे की नाही, हे त्या खुणेवरून कळावयास मार्ग नाही. कित्येक मुले वर्षानुवर्षे अशी नुसती हजर असतात. ती भिंतीला टेकून बसतात, विचारले तर खाली पाहतात, सुटीची घंटा झाली की सर्वांच्या आधी बाहेर पडतात. आणि एके दिवशी पटावरून नाहीशी होतात तेव्हा त्यांची आठवण काढावयासही कोणी नसते. अशा मुलांविषयी आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

मूल शाळेत रुळावे ह्यासाठी दोन गोष्टी लागतात. येथे मला कोणी दुखविणार नाही ही खात्री, आणि येथे माझी म्हणून एक जागा आहे ही भावना. पहिलीला सुरक्षितता म्हणू, दुसरीला आपलेपणा. ह्या दोन्ही एकमेकींच्या आधाराने राहतात, पण त्या एक नव्हेत. तुरुंगाच्या कोठडीत माणूस चोरापासून सुरक्षित असतो, तरी कोठडी त्याला आपली वाटत नाही. हल्ली शाळांच्या सुरक्षिततेची चर्चा निघाली की ती भिंत, फाटक, पहारेकरी आणि कॅमेरा ह्यांच्यापाशीच थांबते. त्या वस्तू नकोत असे मी म्हणत नाही. आमचे कामण गाव चिंचोटीहून भिवंडीच्या अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ह्या रस्त्याने गोदामांचा माल घेऊन मोठमोठे ट्रक धावतात, आणि शाळेत येणाऱ्या मुलांना तो ओलांडावा लागतो. तेव्हा फाटकाची आणि रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाची किंमत मला कोणी शिकवावयास नको. पण फाटक बाहेरच्याला अडविते. आत आलेल्या मुलाला जवळ घेण्याचे काम त्याच्याने होत नाही.

शाळेत जागा न देता मुलाला शाळेत घेता येते, ह्याचा दाखला आपल्या प्रांताच्या इतिहासात ठळक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस पाळला जातो. पट त्याला खुला होता. कायद्याने त्याची अडवणूक नव्हती. परंतु वर्गात बसावयास त्याने घरून गोणपाटाचा तुकडा आणावयाचा, तो तुकडा इतर मुलांपासून वेगळा पसरावयाचा, आणि शाळा सुटली की परत घरी न्यावयाचा, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई हजर नसेल त्या दिवशी पाणी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. मी जेव्हा जेव्हा हा प्रसंग मुलांना सांगितला, तेव्हा वर्ग निःशब्द होत असे, आणि मग हमखास एखादा मुलगा विचारीत असे, “गुरुजी, त्याचे मित्र काही बोलले नाहीत?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जागा देणे-न देणे हे केवळ शिक्षकाच्या हातात नसते, शेजारी बसणाऱ्या मुलाच्याही हातात असते, हे तो विचारणारा मुलगा ओळखून होता.

ह्या बाबतीत आपल्याच पालघर जिल्ह्यात जे काम झाले, त्याची माहिती मुंबई-पुण्याच्या लोकांना आहे, पण शेजारच्या तालुक्यांतील आम्हा लोकांना पुष्कळदा नसते. १९४५ साली ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे आल्या. त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते, आणि १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका म्हणून राहिलेल्या. दोघींच्या मनात होते की माँटेसोरीबाईंची पद्धत शहरातील सुखवस्तू घरांपुरती न राहता खेड्यातील गरिबांच्या मुलांपर्यंत जावी.

बालवाडी उघडली. परंतु जी मुले यावीत म्हणून ती उघडली, तीच येईनात. वस्तीतील आईबाप दिवसभर कामावर जात. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड. अंगावर धड वस्त्र नाही. आणि पांढरपेशांच्या दारात जाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती. अशा वेळी सामान्य शिक्षक काय करतो? तो अहवालात ‘पालक उदासीन’ असे लिहितो. असे शेरे मी भाराभर पाहिले आहेत. ताराबाई व अनुताई ह्यांनी तसे लिहिले नाही. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, असे त्यांनी ठरविले आणि वस्तीतल्याच एका अंगणात बालवाडी भरविली. अंगण झाडावयाचे, मुलांचे हातपाय धुवावयाचे, नखे काढावयाची, मग गाणी आणि खेळ. हीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना हे नाव मिळाले. आज देशभर गावोगावी उच्चारला जाणारा हा शब्द आपल्या किनाऱ्यावरच्या एका वस्तीच्या अंगणातून निघालेला आहे.

येथे थोडे थांबून अंगणाचाच विचार करू. मूल स्वतःच्या अंगणात असते तेव्हा पाहुणा शिक्षक असतो, मूल नव्हे. कोणते झाड कोणाचे, कुत्रे चावरे आहे की नाही, पाणी कोठून आणावयाचे, हे सारे मुलाला ठाऊक. बाईंना मात्र विचारावे लागणार. विचारता विचारता बाई मुलाच्या बोलीतले शब्द शिकतात, आणि ज्याला कोणी कधी काही विचारले नाही त्या मुलाला प्रथमच वाटते की आपल्याजवळही देण्यासारखे काही आहे. शिक्षणाची साधनेही तेथलीच घेतली गेली. शिंपले, बिया, खडे, पाने ह्यांनी मोजणी आणि रंगओळख होऊ लागली. पैशाची बचत हा त्यातला एक भाग झाला. माझ्या मते मोठा भाग असा की, परक्याची महागडी वस्तू मोडेल ही भीती मुलाच्या बोटांतून गेली.

पुढे हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथला समाज प्रामुख्याने वारली. वारल्यांच्या मनात बाहेरच्या माणसाची भीती का होती हे समजून घ्यावयाचे तर थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. त्या भागात जमीनदार व सावकार ह्यांची वेठबिगार चालत असे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस बायकोसह धन्याचा बांधील होई. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि त्यांचे सहकारी ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ह्या वेठीविरुद्ध आवाज उठविला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसे मेली. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात ती सारी हकीकत आहे. तेव्हा ध्यानात घ्या, ज्या लोकांच्या अनुभवात सदरा-टोपी घालून येणारा प्रत्येक माणूस काहीतरी हिरावून नेणारा होता, त्यांच्या मुलांनी शाळेची इमारत पाहून रानात पळावे ह्यात मुलांचा काय दोष? भीती ही पुष्कळदा अज्ञानातून येत नाही, ती अनुभवातून आलेली असते. आणि अनुभवातून आलेली भीती व्याख्यानाने जात नाही. तिला उलट अनुभवच द्यावा लागतो, आणि तोही रोज.

कोसबाडला हा उलट अनुभव निरनिराळ्या रीतींनी देण्यात आला. मोठी मुले गुरे राखीत. गुरे सोडून शाळेत या म्हणणे म्हणजे घरच्या पोटावर पाय देणे. म्हणून शिक्षकच कुरणात जाऊ लागला, आणि गुरे चरत असता झाडाखाली कुरणशाळा भरू लागली. मोठ्या बहिणीला कडेवरचे भावंड सोडता येत नाही, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी जोडण्यात आली. हिला विकासवाडी म्हणत. बहीण वर्गात, भाऊ पाळणाघरात, दोघे हाकेच्या अंतरावर. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत ह्याला मोठमोठी नावे असतील. मला त्यातले मर्म साधे दिसते. मुलीला तिच्या जबाबदारीतून तोडून शाळेत आणले नाही, जबाबदारीसकट आणले. शाळेने तिच्या घराशी भांडण मांडले नाही. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई १९९२ साली निवर्तल्या, तोवर त्यांनी कोसबाडशी असलेले नाते सोडले नाही. माणूस टिकून राहिला की विश्वास टिकतो. दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या शिक्षकाला हे सांगणे थोडे क्रूरपणाचे आहे, पण खरे आहे.

आता आमच्या वसई तालुक्याकडे येतो. तुंगारेश्वराचा डोंगर, कामणदुर्ग, पायथ्याची भातशेती, आणि दिवाळीनंतर कापलेल्या शेतांतून व खाडीकाठच्या जमिनींवर लागणाऱ्या वीटभट्ट्या. ह्या भट्ट्यांवर कातकरी, वारली, मल्हार कोळी अशी कुटुंबे जव्हार-मोखाड्याकडून आणि इतर ठिकाणांहून येतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घ्यावयाची आणि दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत भट्टीवर राबून ती फेडावयाची, असा हा क्रम. राहावयास गवतापेंढ्याची बुटकी खोपी. तिला भोंगा म्हणतात. मध्यरात्र उलटली की चिखल तुडविण्याचे काम सुरू होते. पोरेही विटा उलटावयास लागतात. गावच्या शाळेच्या पटावर मुलाचे नाव आहे, मूल मात्र पन्नास कोसांवर भट्टीवर. आणि भट्टीजवळच्या शाळेत त्याचे नावच नाही. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने ते कोणाचेच नव्हे.

१९९० नंतरच्या दशकात ‘विधायक संसद’ ह्या संस्थेने विवेक पंडित व विद्युल्लता पंडित ह्यांच्या पुढाकाराने ह्या मुलांसाठी भट्ट्यांवरच शाळा सुरू केल्या. त्यांचे नाव भोंगाशाळा. ही संस्था मुळात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी काम करणारी. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला होता, पण कायद्याने मुक्त झालेल्या माणसाचे मूल पुन्हा त्याच भट्टीवर वाढले तर मुक्ती किती दिवसांची, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असला पाहिजे. भोंगाशाळेसाठी इमारत बांधावयाची नव्हती. भोंग्यासारख्याच खोपीत किंवा मोकळ्यावर फळा टांगला की शाळा झाली. अंगणवाडी आणि कुरणशाळा ह्यांचेच हे भावंड. मुलाने ज्या खोपीची लाज बाळगावी असे आपण त्याला नकळत शिकवितो, त्याच खोपीचे नाव शाळेने अभिमानाने घेतले, ही गोष्ट मला फार आवडते.

पण ह्या शाळांनी सारे भागते असे नाही, आणि त्या चालविणाऱ्यांनीही तसे म्हटलेले नाही. मूल शेवटी नियमित शाळेत आले पाहिजे, आणि तेथे ते टिकले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, ह्या बाबतीत शाळेच्या हाताला पुष्कळ बळ दिले आहे. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून अडवून ठेवता येत नाही. वर्ष मध्यावर आले असले तरी मुलाला वयाला योग्य अशा वर्गात घ्यावयाचे असते. भट्टीवरचा बाप हे जाणत नाही. ते जाणण्याचे काम शिक्षकाचे आणि गावकऱ्यांचे.

एक अनुभव सांगतो. एका शाळेत माझ्या वर्गात एक कातकरी मुलगी येई. ती नेहमी दाराशी बसे. पुढे बोलाविले तर येई, आणि मी फळ्याकडे वळलो की पुन्हा दाराशी जाई. माझे सहकारी म्हणत, हिला पळून जावयाचे असते म्हणून. मी काही दिवस तिला तेथेच बसू दिले आणि पाहिले. ती रस्त्याकडे पाहत असे. तिची आई भट्टीवरून पाणी भरावयास त्या वाटेने जाई. दिवसातून दोनदा आई दिसली की मुलीचे लक्ष अर्धा-पाऊण तास धड्यात असे. दिसली नाही की मुळीच नसे. मग मी वर्गाची बैठकच फिरविली. फळा दुसऱ्या भिंतीला घेतला, म्हणजे वाट सर्वांना दिसू लागली आणि दाराशी बसणे हे एकटीचे राहिले नाही. चैत्र लागेतो ती मधल्या रांगेत येऊन बसली होती. ह्यात माझी काही करामत नाही. मुलाची विचित्र दिसणारी वागणूक ही बहुधा त्याने स्वतःपुरती केलेली सुरक्षिततेची तजवीज असते. ती मोडण्याआधी तिचे कारण शोधावे, इतकेच.

भाषेचेही असेच आहे. आमच्याकडे आगरी बोलणारे मूल आयस-बापूस म्हणते. वारल्याचे मूल आणखी निराळे बोलते. आता गोदामांमुळे आणि कारखान्यांमुळे उत्तर प्रदेश, बिहारकडची कुटुंबे चाळींतून राहावयास आली आहेत, त्यांची मुलेही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दिसतात. पहिल्याच दिवशी मुलाने ‘माझा बापूस’ म्हटले आणि वर्ग हसला, गुरुजीही हसले, की त्या मुलाचे तोंड पुढे महिनोन्‌महिने उघडत नाही. शुद्ध भाषा शिकवू नये असे मी म्हणत नाही; ती शिकविणे आमचे कामच आहे. पण आईची भाषा चूक आहे असे सांगून नव्हे. ‘तुझ्याकडे बापूस म्हणतात, पुस्तकात वडील म्हणतात, आणि ह्याच्याकडे बाबूजी म्हणतात’ असे म्हटले की एकाऐवजी तीन शब्द सर्व वर्गाला मिळतात आणि कोणाची मान खाली जात नाही. तीच गोष्ट हाक मारण्याची. जातीच्या, पाड्याच्या किंवा व्यंगाच्या नावाने मुलाला हाक मारणारे शिक्षक अजून आहेत. पटावर पूर्ण नाव असते ते हाक मारण्यासाठीच असते.

छडीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो वाद आता कायद्याने संपविला आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. माझ्या वयाचे काही गुरुजी अजून हळहळतात की वचक गेला. वचक आणि आदर ह्यांत मोठा फरक आहे. ज्याच्या हातात छडी असते त्याला मूल खरे सांगत नाही. ते सुटेल असे सांगते.

आणि खरे सांगणे हीच तर सुरक्षिततेची कसोटी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर कॅमेरे, तक्रारपेट्या, कर्मचाऱ्यांची तपासणी ह्यांविषयी शासनाचे आदेश निघाले. ते योग्यच होते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा तर असा आहे की, असा अपराध घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. शाळेची अब्रू जाईल म्हणून दडपणे हाच गुन्हा ठरतो. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी आहे, त्याचा आकडा प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा. परंतु पेटीत चिठ्ठी टाकावयास आधी लिहिता यावे लागते, आणि चार वर्षांच्या मुलाला लिहिता येत नाही. त्याला एखादे माणूसच लागते. शाळेत असे एक तरी मोठे माणूस पाहिजे, मग ते शिक्षिका असो, खिचडी शिजविणारी मावशी असो, की ज्याच्यापाशी गेले असता आपल्याला रागावणार नाहीत, हसणार नाहीत आणि खोटे ठरविणार नाहीत असे मुलाला ठाऊक असते. मुलांना कधी सहज विचारून पाहावे: ‘तुला काही झाले तर तू कोणाकडे जाशील?’ ज्या मुलाला ह्याचे उत्तर देता येत नाही, त्याची काळजी प्रथम घेतली पाहिजे.

खिचडीचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. दुपारच्या भोजनाकडे लोक पोषणाच्या दृष्टीने पाहतात. माझ्या लेखी ती शाळेतली सर्वांत मोठी आपलेपणाची शिकवण आहे, पंगत खरोखर सरमिसळ बसत असेल तर. मुले आपोआप आपल्या पाड्याच्या, आळीच्या मुलांशेजारी बसतात. शिक्षकाने मोठ्याने बंदी न करता, वाढण्याची पाळी दर आठवड्याला निरनिराळ्या पाड्यांच्या जोडीला दिली की पुष्कळ काम होते. ज्याच्या हातचे जेवलो त्याला दुसऱ्या दिवशी टोपणनावाने चिडविणे जरा जड जाते.

गावाचाही ह्यात वाटा आहे. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यातले तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. ह्या जागा गावातल्या वजनदार घरांतच वाटल्या जातात असा पुष्कळ ठिकाणचा रिवाज आहे. भट्टीवरची एखादी आई, चाळीतली एखादी परप्रांतीय आई तेथे बसली पाहिजे. पहिल्या दोन सभांत ती बोलणार नाही. तिसऱ्या सभेत ती शौचालयाच्या दाराची कडी तुटली आहे असे सांगेल, आणि ती गोष्ट समितीतील एकाही पुरुषाला माहीत नसेल.

दिवाळीनंतर भट्ट्या लागावयास सुरुवात होते. त्या वेळी शिक्षकांनी आणि दोन-चार गावकऱ्यांनी भट्टीवर एक फेरी करावी, मुलांची नावे, मूळ गाव आणि इयत्ता लिहून घ्यावी, आणि मूळ गावच्या शाळेला तसे कळवावे. मे अखेर कुटुंबे परत निघतात तेव्हा त्या मुलांच्या हातात शिक्षण हमीचे कार्ड असावे, म्हणजे तिकडच्या गुरुजींना मूल कोठवर शिकले ते कळते. आणि आमच्याकडून जी मुले बाहेर जातात त्यांची नावे पटावरून लगेच कमी न करता त्यांच्या वह्या-पुस्तके कपाटात नावानिशी ठेवावीत. जूनमध्ये मूल परत येते, कपाट उघडते, आणि आपल्या नावाची वही जागच्या जागी पाहते.